लडाखचा कचरा आणि सहावी अनुसूची : झाडू कोणाच्या हातात, निर्णय कोणाच्या?

२४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि पोलिसांच्या गोळीबारात चार जणांचा मृत्यू झाला. दोन दिवसांनी सोनम वांगचुक यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली अटक करून जोधपूरच्या तुरुंगात नेण्यात आले. त्या आठवड्यात आपल्याकडे जी चर्चा झाली ती राज्याचा दर्जा, चीनची सीमा आणि वांगचुक यांची व्यक्ती एवढ्यापुरतीच फिरत राहिली. लडाखच्या लोकांना सहावी अनुसूची नेमकी कशासाठी हवी आहे, हे विचारण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. जमीन आणि नोकऱ्या ही उत्तरे ठळक आहेत आणि खरीही आहेत. पण त्यांच्या पाठीमागे रोजच्या जगण्यातला आणखी एक प्रश्न आहे. आपल्या दारात येऊन पडणाऱ्या कचऱ्याचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाला?

हा प्रश्न किरकोळ वाटू शकतो. लेहला जाऊन आलेल्या आपल्या बांधवांना विचारा. थिकसेच्या मैत्रेयाची मूर्ती, हेमिसचा विहार, पँगाँगचे निळे पाणी हे सगळे फोटोत येते. आपण प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या पुढे कुठे गेल्या, ते कोणाच्याच फोटोत येत नाही.

पाच लाख पाहुणे, पावणेतीन लाख यजमान

२०११ च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या २,७४,२८९ आहे. लेह जिल्ह्यात बौद्ध बहुसंख्य आहेत, कारगिल जिल्ह्यात मुस्लीम. सहाव्या अनुसूचीची मागणी या दोघांची मिळून आहे, हे आपण विसरता कामा नये. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने सप्टेंबर २०१९ मध्ये लडाखला सहाव्या अनुसूचीत घेण्याची शिफारस केली, तेव्हा या प्रदेशातील आदिवासी लोकसंख्या ९७ टक्क्यांहून अधिक असल्याचे नमूद केले होते. म्हणजे लडाखचा कचरा हा एका आदिवासी समाजाच्या भूमीवरचा कचरा आहे.

हा प्रदेश पर्यटकांसाठी खुला झाला १९७४ साली. सुरुवातीला वर्षाला काही शेकडा लोक येत. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, मनालीहून येणारा रस्ता सोपा झाला आणि २०२२ व २०२३ या दोन्ही वर्षी पाच लाखांहून अधिक पर्यटक लडाखमध्ये आले. त्यातले बहुतेक मे ते सप्टेंबर या चार-पाच महिन्यांत येतात. ज्या गावाची पाणी, वीज, संडास आणि कचऱ्याची व्यवस्था काही हजारांसाठी आहे, त्याच्यावर दुपटीने-चौपटीने माणसे येऊन पडतात. हॉटेलवाले लडाखी असोत वा बाहेरचे, माल बाहेरूनच येतो. पाण्याची बाटली, नूडल्सचे पाकीट, वेफर्स, बिस्किटे, शॅम्पूच्या पुड्या, सगळे ट्रकने चढते. परत उतरते ते फक्त विकले जाणारे भंगार.

कचरा नसलेला समाज

लडाख हे थंड वाळवंट आहे. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. अशा ठिकाणी काहीही फेकून देणे परवडत नाही. उरलेले अन्न गुरांना, शेण चुलीला, राख संडासात. लडाखी घरातला कोरडा संडास दोन मजली असतो. वर माती आणि राख टाकत राहायचे, खाली वर्षभरात खत तयार होते आणि ते शेतात जाते. पाण्याचा एक थेंब लागत नाही. हॉटेलांनी फ्लशचे संडास आणले, शोषखड्डे खणले, बोअर घेतले. आता वरचे सांडपाणी आणि खालचे पिण्याचे पाणी एकाच जमिनीत शेजारी आहेत.

आपल्या बौद्ध वाचकांना यात ओळखीचे काही सापडेल. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आनंद आणि राजा उदेन यांचा प्रसंग आहे. आनंदाला पाचशे चीवरे दानात मिळाली, एवढ्या चीवरांचे तुम्ही करता काय, असे राजाने विचारले. आनंदाने उत्तर दिले ते टप्प्याटप्प्याचे होते. नवी चीवरे गरजू भिक्खूंना, जुनी झाली की अंथरुणाला, मग पायपुसणे, मग फडके, आणि शेवटी चिंध्या कुटून चिखलात मिसळून भिंत-जमीन सारवायला. आज ज्याला पुनर्वापर आणि पुनर्चक्रण म्हणतात, त्याची साखळी संघाच्या शिस्तीत होती. पण या प्रसंगातला प्रत्येक टप्पा शक्य होतो, कारण चीवर कापसाचे आहे. चिप्सच्या पाकिटाचे पायपुसणे होत नाही. जुनी संस्कृती चांगली होती, लोक बिघडले, अशी मांडणी करणाऱ्यांनी एवढा फरक लक्षात घ्यावा. बदलली ती वस्तू. ती बनवणारा कारखाना लडाखमध्ये नाही आणि तिची विल्हेवाट मात्र लडाखने लावायची आहे.

रिसायकलिंगचे गणित डोंगरात का बसत नाही

अनेक कार्यकर्त्यांची कल्पना अशी असते, की ओला-सुका वेगळा केला, यंत्र बसवले, की रिसायकलिंग सुरू झाले. सपाटीवरच्या शहरातही हे एवढे सोपे नाही. लडाखमध्ये तर अडचणी चार आहेत.

पहिली, वजन. एक लिटरची रिकामी बाटली वीस-पंचवीस ग्रॅम भरते. म्हणजे एक किलो प्लास्टिकसाठी चाळीस-पन्नास बाटल्या. न दाबता ट्रकमध्ये भरल्या तर भाडे प्लास्टिकचे नाही, हवेचे द्यावे लागते. म्हणून गावपातळीवर सर्वात आधी लागते ते गठ्ठे बांधणारे दाबयंत्र आणि कोरडी साठवणीची खोली. चकचकीत प्रक्रिया केंद्र नंतर.

दुसरी, अंतर. लेहहून मनाली किंवा श्रीनगर दोन्ही चारशे किलोमीटरच्या वर. प्लास्टिक वितळवणारे, कागद लगदा करणारे कारखाने त्याच्याही पुढे. हिवाळ्यात रस्ता काही महिने बंद होतो वा बेभरवशाचा असतो. उन्हाळ्यात गोळा झालेला माल खाली उतरला नाही, तर पुढच्या हंगामापर्यंत तो सांभाळावा लागतो.

तिसरी, किंमत. बाटलीला, पुठ्ठ्याला, पत्र्याला भंगारात भाव आहे, म्हणून ते उचलले जाते. वेफर्सचे किंवा बिस्किटाचे पाकीट प्लास्टिक आणि धातूच्या थरांचे असते. वजन दोन-तीन ग्रॅम, भाव शून्य. किलोभर जमवायला तीनशे ते पाचशे पाकिटे वेचावी लागतात आणि हाती काही येत नाही. हिमालयातल्या संस्था २०१८ पासून 'हिमालयन क्लीनअप' या मोहिमेत दरवर्षी कचरा गोळा करून मोजतात. त्यांना सापडणारा बहुतांश कचरा प्लास्टिकचा असतो, त्यातही खाण्यापिण्याच्या वस्तूंची वेष्टने जास्त आणि त्यातली पुष्कळशी पुनर्चक्रण न होणारी.

चौथी, थंडी. शून्याखाली वीस अंशांत खताचा खड्डा काम करत नाही. सपाटीवरच्या शहरासाठी आखलेले वेळापत्रक इथे सहा महिने गोठते.

यातून काय होते? जे विकत नाही ते खड्ड्यात जाते किंवा जाळले जाते. जळलेल्या प्लास्टिकची काजळी याच डोंगरांवरच्या बर्फावर बसते, काजळलेला बर्फ लवकर वितळतो आणि लडाखची शेती तर त्याच बर्फाच्या पाण्यावर आहे.

लोकांनी काय करून पाहिले

लडाखी समाज हातावर हात ठेवून बसला होता, असे मुळीच नाही. १९९८ मध्ये, महाराष्ट्राच्या प्लास्टिकबंदीच्या वीस वर्षे आधी, लेहमध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. ती आणण्यात 'आमा त्सोग्सपा' म्हणजे लडाखच्या महिला संघटनेचा पुढाकार होता. लेहच्या बाजारात 'झोम्सा' नावाच्या दुकानाने पर्यटकांना उकळलेले पाणी स्वतःच्या बाटलीत भरून देण्याची पद्धत सुरू केली. नवी बाटली घेऊ नका, जुनीच भरा. २०१७ च्या सुमारास लेहच्या जिल्हा प्रशासनाने ग्रामीण भागासाठी 'त्सांगदा' प्रकल्प हाती घेतला. गावातून सुका कचरा गोळा करायचा, केंद्रावर वर्गवारी करायची, विकण्यासारखे विकायचे, अशी त्याची आखणी. लेह शहरासाठी स्काम्परी भागात घनकचरा प्रक्रिया केंद्र उभे राहिले.

या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. पण हे सगळे उपाय कचरा तयार झाल्यानंतरचे आहेत. किती पर्यटक यावेत, किती हॉटेले उभी राहावीत, कोणत्या वस्तू विकायला याव्यात, हे निर्णय यांच्या हातात नाहीत. टाकीचा नळ धो-धो सुरू आणि खाली फडके घेऊन लादी पुसायची, अशी ही अवस्था आहे.

सहाव्या अनुसूचीचा कचऱ्याशी संबंध

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. संविधानाच्या सहाव्या अनुसूचीतील तिसऱ्या परिच्छेदात स्वायत्त जिल्हा परिषदा कोणत्या विषयांवर कायदे करू शकतात, याची यादी आहे. जमिनीचा वापर, राखीव नसलेले जंगल, शेतीसाठी पाणी यांच्यासोबत त्यात गाव व नगर प्रशासन आहे आणि त्यातच सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता असा उल्लेख आहे. म्हणजे जमीन आणि स्वच्छता हे दोन्ही विषय एकाच हातात. हॉटेलसाठी जमीन वापरू द्यायची की नाही हे ठरवणारी आणि हॉटेलच्या कचऱ्याचा नियम करणारी सभा एकच, आणि ती स्थानिकांनी निवडलेली.

लेहला १९९५ मध्ये आणि कारगिलला २००३ मध्ये पर्वतीय विकास परिषदा मिळाल्या. त्यांच्याकडे कारभाराची कामे आहेत, पण सहाव्या अनुसूचीतील परिषदांसारखा कायदा करण्याचा अधिकार नाही. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लडाख विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने स्थानिकांना नोकऱ्यांत ८५ टक्के आरक्षण, परिषदांमध्ये महिलांना एक-तृतीयांश जागा आणि भाषांना मान्यता दिली. हे स्वागतार्ह आहे. जमीन, पाणी आणि कचरा यांवर कायदा करण्याचा अधिकार त्यात नाही.

दुसरीकडे कंपन्यांची जबाबदारी पाहा. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने ग्रामीण भागालाही कक्षेत घेतले आणि ग्रामपंचायतीवर कचरा व्यवस्थेची जबाबदारी टाकली. त्याच नियमांनी उत्पादकांवरही जबाबदारी टाकली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली. पण कंपनीचे उद्दिष्ट एकूण टनांत मोजले जाते आणि प्रमाणपत्रे विकत घेता येतात. लडाखमध्ये विकलेल्या पाकिटाच्या बदल्यात सपाटीवरच्या एखाद्या कारखान्याजवळचे सोयीचे प्लास्टिक प्रक्रियेला गेले, तरी कागदावर हिशेब पूर्ण होतो. पाकीट मात्र डोंगरावरच राहते. दुर्गम आदिवासी भागात विकलेला माल त्याच भागातून परत नेण्याची सक्ती झाल्याशिवाय ही तूट भरणार नाही. माल घेऊन वर जाणाऱ्या गाडीने परतीच्या वाटेवर दाबलेले गठ्ठे खाली न्यावेत, भाडे कंपनीने द्यावे, एवढी साधी ही मागणी आहे.

लाचेनचा धडा

निर्णयाचा अधिकार हातात असेल तर काय होऊ शकते, याचे उदाहरण उत्तर सिक्कीममध्ये आहे. लाचेन हे पावणेतीन हजार मीटरच्या आसपास उंचीवरचे भुतिया बौद्धांचे गाव. गुरुडोंगमार तलावाला जाणारे पर्यटक, त्यात आपले मराठी पर्यटकही आले, इथेच मुक्काम करतात. या गावात 'झुम्सा' नावाची पारंपरिक ग्रामसभा चालते. तिच्या प्रमुखाला 'पिपॉन' म्हणतात. सिक्कीमच्या कायद्याने या सभेला पंचायतीचे स्थान दिले आहे.

या झुम्साने २०१२ च्या सुमारास बाटलीबंद पाण्यावर गावात बंदी घातली. येणाऱ्या गाड्यांमधल्या बाटल्या तपासण्यापर्यंत गावाने मजल मारली. कोणत्या मंत्रालयाच्या परिपत्रकाची वाट पाहिली नाही. पुढे २०१६ मध्ये सिक्कीम सरकारने सरकारी कार्यक्रमांत बाटलीबंद पाणी बंद केले आणि जानेवारी २०२२ पासून राज्यभर बाटलीबंद पाण्यावर बंदी आणली. आधी गाव, मग राज्य, असा हा क्रम आहे.

अर्थात झुम्साला डोक्यावर घेण्याचे कारण नाही. परंपरेने तिथे घरटी एक पुरुष बसतो, स्त्रियांना बरोबरीची जागा नाही. लेहमध्ये पिशव्या बंद करायला स्त्रिया पुढे आल्या हे आठवले, की या उणिवेची किंमत कळते. स्वायत्तता हवीच, पण ती घरातल्या अर्ध्या माणसांना बाहेर ठेवून नको.

झाडू कोणाच्या हातात?

इथे आपल्या चळवळीला एक प्रश्न विचारावाच लागेल. स्वच्छतेच्या प्रत्येक योजनेत घोषणा सगळ्यांच्या असतात आणि हात ठरावीक लोकांचे. जातिव्यवस्था कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडून ठेवले. आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची घाणेरडी कामे नाकारली, तेव्हा त्यांनी कामाला नव्हे, त्या कामाला जन्माशी बांधणाऱ्या व्यवस्थेला नकार दिला होता.

बौद्ध समाज म्हटला म्हणजे तिथे ही उतरंड नसेलच, असे आपण समजतो. लडाखमध्ये १९८९ साली आठ जमातींना अनुसूचित दर्जा मिळाला. त्यात बेडा, मोन आणि गारा या तीन आहेत. बेडा आणि मोन परंपरेने वाजंत्री, गारा लोहार. त्यांच्यातल्या बौद्धांनाही पंगतीत, सोयरिकीत आणि बसण्याच्या जागेत खालचे मानले गेले, अजूनही हा भेद पुरता गेलेला नाही. धम्म स्वीकारला आणि समाजाची घडी तशीच राहिली, तर काय होते त्याचा हा पुरावा आहे. उद्या लडाखला सहावी अनुसूची मिळाली, गावोगावी वर्गवारी केंद्रे झाली आणि तिथे काम करायला बेडा कुटुंबे किंवा झारखंड-बिहारमधून आलेले मजूर बसवले, तर निर्णय स्थानिकांचा होईल आणि घाण पुन्हा दुसऱ्याच्या अंगावर पडेल.

यावर उत्तर पुण्यात सापडते. कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली. त्यातल्या बहुसंख्य दलित समाजातल्या. महापालिकेची ओळखपत्रे मिळवली, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हक्काने घेतले. घरमालक दरमहा शुल्क देतो, भंगाराची विक्री कामगाराची. हे काम अजूनही कष्टाचे आहे, ठेकेदारीची टांगती तलवार आहे. तरी हातमोजे, ओळखपत्र, ठरलेला मेहनताना आणि बोलणी करण्याची ताकद यांनी माणसाचा दर्जा बदलतो. कोणत्याही आदिवासी गावात कचरा व्यवस्था उभी करताना हिशेबाची पहिली ओळ यंत्राची नसावी, कामगाराच्या मजुरीची असावी. आणि वर्गवारी घरातच व्हावी. स्वतःचा कचरा वेगळा न करणारे घर आपली घाण दुसऱ्याच्या हाताने चिवडून घेत असते.

महाराष्ट्रात काय करता येईल

हे सगळे दूर हिमालयातले आहे, असे समजू नका. भंडारदऱ्याला काजवे बघायला, चिखलदऱ्याला थंडी अनुभवायला, जव्हारला धबधब्याला गाड्यांच्या रांगा लागतात. ही सगळी आदिवासी भूमी आहे. रविवारी संध्याकाळी पाहुणे परततात आणि सोमवारी सकाळी बाटल्या-पाकिटे महादेव कोळी, कोरकू, वारली पाड्यांच्या वाट्याला येतात.

फरक असा, की इथे कायदेशीर हत्यार आधीपासून आहे. महाराष्ट्राच्या तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे आणि तिथे पेसा कायदा, १९९६ लागू आहे. राज्याचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी अबंध स्वरूपात थेट या गावांना देण्याचा निर्णय आहे आणि आरोग्य व स्वच्छता हा त्याच्या खर्चाच्या बाबींतील एक विषय आहे. म्हणजे लडाख ज्यासाठी भांडतो आहे, त्यातला काही भाग आपल्याकडच्या ग्रामसभेच्या हातात आजच आहे. तो वापरला जात नाही, कारण अनेक ठिकाणी ग्रामसभा कागदावरच भरते.

आपले अनेक कार्यकर्ते या तालुक्यांत शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक म्हणून काम करतात. त्यांनी आदिवासी मित्रांच्या पुढे नाही, सोबत उभे राहून तीन गोष्टींना हात घालावा. एक, हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत पाहुण्यांच्या बाटल्या-पाकिटांबाबत ठराव आणि गाडीमागे स्वच्छता शुल्क, ज्याचा हिशेब गावात फलकावर लागेल. दोन, अबंध निधीतून साठवणीची खोली, दाबयंत्र आणि कामगाराची वर्षभराची मजुरी. तीन, महिनाभर गावातला कचरा कंपनीच्या नावानिशी मोजून त्याची यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. वर्षानुवर्षे नियमात असलेली उत्पादकांची जबाबदारी गावातून मागितल्याशिवाय गावात पोहोचणार नाही.

आणि लडाखला सहलीला जाणाऱ्यांसाठी एवढेच. स्वतःची बाटली न्या, पाकिटे परत आणा, लडाखी घरात उतरलात तर कोरडा संडास वापरा. मग घरी आल्यावर थिकसेच्या फोटोसोबत हेही लिहा, की त्या लोकांना आपल्या भूमीचा निर्णय आपण घ्यायचा आहे आणि त्यासाठी त्यांच्यातल्या चौघांनी जीव गमावला आहे.